चार सेकंद, दोन ओळी

एका ओळीत छत्तीस अक्षरं, ओळी दोनच,
वाचायला चार सेकंद.
एवढ्यात अमेरिका बसवायची.

लॉ कॉलेज रोडच्या फिल्म क्लबने
अकरा माहितीपट दिलेत, मराठी सबटायटल्ससाठी.
मिनिटाला ऐंशी रुपये, चहा वेगळा.
टिपणीस म्हणाले, "सोपं लिहा,
आमचे सभासद चष्मा घरी विसरतात."

तेव्हापासून माझ्या मंगळवार पेठेतल्या खोलीत
गॅसच्या शेगडीला लागून कापसाची शेतं आहेत.
खाणीतून वर येणारी माणसं
दात तेवढे पांढरे ठेवून हसतात,
मी त्यांना थांबवते, मागे नेते,
पुन्हा हसवते.
मोटारींच्या बंद पडलेल्या कारखान्यासमोर एक जण
रोज साडेबाराला डबा उघडतो, सवयीने.
माझा मेहुणा पिंपरीत असाच बसायचा.
तिथे मी फक्त वेळ टाकली.

शेअरक्रॉपरला आधी "वाटेकरी" लिहिलं, मग खोडलं.
वाट्याला काही यायला हवं ना.
"येस मॅम"ने तीन दिवस घेतले.
"होय बाई" फार सरळ, "जी सरकार" फार नाटकी,
शेवटी नुसतं "जी" ठेवलं.
त्या एका अक्षरात खाली गेलेली मान
पडदा मोठा असेल तर दिसेल.

सातव्या माहितीपटात अर्लीन नावाची बाई आहे,
वय एक्क्याण्णव, इंडियानातलं कुठलंसं गाव,
रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसलेली.
"इथे पाटी होती," म्हणते.
"काय लिहिलेलं?" कॅमेऱ्यामागचा मुलगा विचारतो.
ती सांगत नाही.
बोटाने सूर्य दाखवते,
मग गावाबाहेर जाणारा रस्ता.
बावीस सेकंद. संवाद नाही.

टिपणीसांचा फोन आला:
"तिथे काहीतरी टाका हो, लोकांना कळणार नाही.
दिवस मावळायच्या आत काळ्या माणसांनी गाव सोडायचं,
असं असायचं तिकडे."

तिकडे.

मी फोन ठेवला नि खिडकीत गेले.
खाली नागझरी, पुलाखाली शिरलेली, वास तेवढा वर.
पलीकडे कसबा.
आबा सांगायचे, त्यांना त्यांच्या चुलत्याने सांगितलेलं,
त्याला आणखी कुणी,
की पेशवाईत आपल्या माणसांनी
तिसऱ्या प्रहरानंतर वेशीच्या आत थांबायचं नाही.
ऊन कलतं, सावल्या लांबतात,
कुणाची कुणाच्या अंगावर जाईल, नेम नाही.
"आणि सकाळी?" मी विचारायचे.
"सकाळी पण लांबच असते की गं,"
आबा म्हणायचे आणि उठून,
उजेड असला तरी,
दिवा लावायचे.

मी टिपणीसांना लिहिलं: भाषांतर करण्यासारखं काही नाही तिथे.
त्यांना ते पटलं नाही,
पण खेळ शनिवारचा होता नि दुसरं कोण मिळणार.

शनिवारी सहाला हॉल निम्मा भरला.
माझी "जी" आली आणि गेली,
कुणाचंच काही हललं नाही.
खाणीतल्या हसण्यावर दोघंतिघं हसले.
मग अर्लीन, खुर्ची, पाटी नसलेली जागा.
तिने बोट वर केलं
आणि माझ्या घशात ठसका अडकला.
पाण्याची बाटली टेबलावर, पडद्याच्या बाजूला.
मी पहिल्या रांगेतून उठले, प्रोजेक्टरच्या झोतात आले,
आणि माझी सावली
त्या रस्त्यावर पडली, खुर्चीवरून
थेट गावाच्या आतपर्यंत.

"अहो बाई, सावली पडतेय!"
मागून कुणीतरी ओरडलं. सहज.
तक्रार पडद्याविषयीची होती, मला ठाऊक आहे.

बाटली हातात होती, ठसकाही गेला होता.
मी लगेच बसले नाही.
अजून नऊ सेकंद होते.